पर्वणीच्या दिवशी गोदाकाठ रिकामा करायची वेळ आली तर? कुंभमेळा प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण, नाशिक

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाची तयारी म्हटलं की नाशिकमध्ये बोलणं सुरू होतं ते येण्याचं. किती भाविक येतील, कुठल्या रस्त्याने येतील, गाड्या कुठे लागतील, नाशिकरोडला किती जादा गाड्या थांबतील, साधुग्रामला किती जागा लागेल. मला या पत्रात निघण्याबद्दल बोलायचं आहे. रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंतचा काठ माणसांनी भरलेला असताना तो तासाभरात रिकामा करावा लागला, तर माणसं प्रत्यक्षात कशी वागतील? या प्रश्नाचं उत्तर गणिताने काढता येतं, जगात अनेक ठिकाणी काढलंही जातं. पण त्या गणितात घालायचे आकडे संगणकात तयार नसतात, ते माणसांना विचारून गोळा करावे लागतात. ते विचारण्याचं काम पर्वण्यांच्या आधी पुरं करा, आणि त्यातून जे निघेल ते नाशिककरांसमोर ठेवा, ही माझी मागणी आहे.

मी पंचवटीत वाढले आणि वाहतूक नियोजन हा माझ्या शिक्षणाचा विषय. त्यामुळे या पत्रात थोडं शास्त्र येईल आणि थोडं गंगेवरचं (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) रोजचं जगणंही येईल. दोन्हींची गरज आहे.

आपला मेळा इतर तीन ठिकाणच्या मेळ्यांपेक्षा एका बाबतीत अगदी वेगळा आहे. प्रयागला थंडीत स्नान होतं, तेव्हा नदीचं पाणी ओसरलेलं असतं आणि वाळूचं मोठं मैदान मोकळं मिळतं. हरिद्वारला वसंतात, उज्जैनला उन्हाळ्यात. नाशिकचा सिंहस्थ मात्र ऐन पावसाळ्यात. २०२७ च्या पर्वण्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला आहेत, त्र्यंबकेश्वरची तिसरी त्याच्या दुसऱ्या दिवशी. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी गोदावरीचा मोठा पूर ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात आला होता. २००८ चा पूर सप्टेंबरातला. म्हणजे पहिल्या पर्वणीची तारीख आणि पुराचा हंगाम एकमेकांवर नेमके येऊन बसले आहेत. तिसरी पर्वणी गणेशोत्सवात येते, तेव्हा शहराचे रस्ते मंडपांनी आधीच अरुंद झालेले असतील.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते रामकुंडावर पोहोचायला थोडा वेळ मिळतो. विसर्ग वाढवायचा असेल तर आधी इशारा देता येतो, सायरन वाजवता येतो. पण धरणाच्या खाली शहरावर जो पाऊस पडतो त्याला दरवाजा नाही. वाघाडी, नासर्डी, सराफ बाजाराकडून येणारा सरस्वती नाला, हे सगळं थेट गोदावरीत येतं. म्हणून ‘विसर्ग आमच्या हातात आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येणार नाही.

आता माणसांकडे येते. बहुतेक आराखड्यांमध्ये एक गृहीत न लिहिता घातलेलं असतं: घोषणा झाली की लोक निघतात, आणि धोक्यापासून दूर जातात. नाशिकमध्ये पूर पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे की असं घडत नाही. पाणी वाढल्याची बातमी आली की अर्धं शहर गंगेच्या दिशेने येतं. होळकर पुलावर माणसं कठड्याला रेलून उभी असतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाशिककराला पूर आल्यासारखा वाटत नाही. मुलांना खांद्यावर घेऊन आलेले बाप असतात, म्हातारी माणसंही छत्री घेऊन येतात. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. ही आपली नदी आहे आणि तो मारुती आपली पूरपट्टी आहे, पिढ्यान् पिढ्या आपण पूर असाच मोजत आलो.

त्याच वेळी सराफ बाजार, भांडी बाजार, कापड पेठ इथले दुकानदारही नदीकडेच धावत असतात. घरी जेवायला गेलेला माणूस दुकानाकडे परत येतो, तळघरातला आणि खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवतो. टपरीवाले टपऱ्या ओढत वर नेतात. गौरी पटांगणावर गाड्या लावलेले लोक गाडी काढायला उलटे खाली उतरतात. तिथल्या गाड्या पुरात वाहून गेल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणजे इशारा दिल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात काठाकडे येणारा माणसांचा लोंढा आणि काठावरून निघणारा लोंढा त्याच गल्ल्यांमध्ये समोरासमोर येणार. संगणकाच्या नकाशावर फक्त बाहेर जाणारे बाण काढलेले असतील, तर तो नकाशा नाशिकचा नाही.

यात आता पर्वणीला आलेला भाविक मिळवा. त्याचे कपडे, चपला, पिशवी घाटाच्या पायरीवर ठेवलेली आहे आणि जवळ घरची एक बाई राखण करत बसली आहे. तो ओल्या अंगाने पाण्यात आहे. घोषणा झाली तर तो सर्वांत आधी वर जाणारा रस्ता धरणार नाही, पिशवीकडे जाणार. मग आपली माणसं मोजणार. विदर्भातल्या किंवा राजस्थानातल्या गावातून आलेले लोक एकेकटे चालत नाहीत. पुढे झेंडा धरलेला एक, मागे एकमेकींचा पदर धरलेल्या बायका. त्या गटाचा वेग सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा वेग असतो. त्यातलं एक माणूस दिसेनासं झालं तर अख्खा गट थांबतो. घोषणा मराठीत आणि हिंदीत झाली तर तमिळ किंवा बंगाली भाविक शेजारच्याकडे पाहतो, तो उठला तर आपण उठायचं, असं ठरवतो. आणि निघताना सगळे त्याच वाटेने जायला बघतात, ज्या वाटेने आले.

ही शेवटची गोष्ट साधी वाटते, पण तिच्यामुळे माणसं मेली आहेत. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइटक्लबला आग लागली, १०० जण गेले. इमारतीला इतर दारं होती, पण बहुतेकांनी धाव घेतली ती ज्या मुख्य दाराने आत आले त्याच दाराकडे, आणि ते तुंबलं.

त्याच वर्षी २७ ऑगस्टला आपल्याकडे काय झालं हे तुम्हाला सांगायला नको. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद गल्लीत, सरदार चौकाच्या परिसरात, ३९ भाविक चेंगरून गेले. अशा प्रसंगानंतर ‘लोक बेभान झाले’ असं म्हणायची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. आपत्तीतल्या माणसांच्या वागण्याचा अनेक दशकं अभ्यास करणारे एन्रिको क्वारान्तेली यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा दाखवत आले की संकटात माणूस बहुतेक वेळा विचार करूनच वागतो, आपल्या माणसांना धरून ठेवतो, अनोळखी माणसालाही हात देतो. घात होतो तो वेगळ्या कारणाने. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की कुणाचंच शरीर त्याच्या ताब्यात राहत नाही, धक्का लाटेसारखा पुढे जातो. पुढे काय चाललं आहे हे मागच्याला दिसत नाही, म्हणून तो पुढे सरकत राहतो. हज यात्रेत मक्केजवळच्या जमरात पुलावर जानेवारी २००६ मध्ये ३४६ यात्रेकरू गेले, त्यानंतर गर्दीच्या हालचालींचे अभ्यासक डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या चित्रफिती तपासल्या. दुर्घटनेच्या आधी गर्दीची चाल बदलते, सलग चालणं जाऊन थांबत-सरकत चालणं सुरू होतं, हे त्यांना त्यात स्पष्ट दिसलं. कॅमेऱ्याने पाहायचं ते हे. किती माणसं आली हा आकडा उशिरा कळला तरी चालेल, चाल बदललेली मात्र त्याच मिनिटाला कळायला हवी.

आता थोडं गणित. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी जे मानक वापरतात, त्यात सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीला मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं आणि पायऱ्यांवरून ६६ माणसं बाहेर पडतात असं धरलं आहे. आपला घाट म्हणजे पायऱ्याच. चार मीटर रुंदीची एक वाट धरली तर पायऱ्यांवरून मिनिटाला २६४ माणसं. काठावर एक लाख माणसं आहेत आणि अशा पाच वाटा पूर्ण मोकळ्या आहेत असं समजा: सव्वा तास लागतो. हा हिशेब कोरड्या पायरीवरच्या, हातात ओझं नसलेल्या, धडधाकट, वाट माहीत असलेल्या प्रेक्षकाचा आहे. ओल्या पायरीवर, अनवाणी, डोक्यावर बोचकं घेतलेल्या सत्तरीच्या बाईचा नाही. आणि यात सगळे पहिल्याच मिनिटाला उठतात असं धरलं आहे.

ते पहिल्या मिनिटाला उठत नाहीत. जगभरच्या पूर-वादळांच्या अभ्यासात निघण्याच्या वेळेचा आलेख जवळपास सगळीकडे सारखाच दिसतो. आधी बराच वेळ जवळजवळ कुणीच हलत नाही. लोक एकमेकांना विचारतात, फोन लावतात, आकाशाकडे बघतात. मग एकदम पुष्कळ जण निघतात. शेवटी काही थोडे हट्टाने किंवा नाइलाजाने मागे राहतात. सगळा घोटाळा त्या मधल्या चढात असतो. आपल्या आराखड्यात गोदाकाठासाठी हा आलेख कुठल्या आकाराचा धरला आहे, हा माझा पहिला प्रश्न. सुरुवातीची शांत वीस मिनिटं दहावर आणता आली, तर ते एखादी नवी वाट बांधण्याइतकंच मोलाचं आहे, आणि त्याला लागतं फक्त ओळखीच्या माणसाने, ओळखीच्या भाषेत, स्पष्ट सांगणं.

काही वेळा उलटंही होतं. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात बिघाड झाला. गव्हर्नरांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना निघायला सांगितलं, म्हणजे सुमारे साडेतीन हजार जणांना. प्रत्यक्षात निघाले सुमारे १ लाख ४४ हजार. सप्टेंबर २००५ मध्ये टेक्सासमध्ये रीटा चक्रीवादळाच्या भीतीने वीस लाखांहून जास्त लोक एकाच वेळी रस्त्यावर आले. काही आठवड्यांपूर्वीच कतरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं होतं, ती दृश्यं लोकांच्या मनात ताजी होती. गाड्या तासन् तास एकाच जागी उभ्या राहिल्या. वृद्धाश्रमातल्या माणसांना नेणाऱ्या बसला आग लागून २३ जण गेले. त्या वादळातले बहुतेक मृत्यू वादळाने झाले नाहीत, स्थलांतरात झाले. नाशिकला हे लागू पडतं ते असं: तुम्ही फक्त रामकुंड रिकामा करायचा हुकूम द्याल, पण बातमी दहा मिनिटांत तपोवनात, साधुग्रामात, द्वारका चौकात, निमाणीला आणि मुंबई नाक्यापर्यंत जाईल. ज्यांना धोका नाही तेही निघतील आणि ज्यांना धोका आहे त्यांची वाट अडेल. ‘तुम्ही आहात तिथेच थांबा’ हा संदेश ‘तुम्ही निघा’ या संदेशाइतकाच आधीपासून तयार असायला हवा.

यातलं काहीच नकाशावर रस्त्यांची रुंदी मोजून कळत नाही. माणूस काय निवडेल हे त्यालाच विचारून, नीट बेतलेल्या प्रश्नांनी विचारून, काढावं लागतं. या पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेचं. १९७२ मध्ये ती सुरू होण्याआधी अधिकृत अंदाज होता की १५ टक्के लोक तिने कामाला जातील. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या प्रत्यक्ष निवडींवरून गणित मांडलं आणि ६.३ टक्के हा आकडा दिला. रेल्वे सुरू झाली, प्रत्यक्ष आकडा आला ६.२. मॅकफॅडन यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. पुढे पामेला मरे-टुईट आणि हनी महमसानी या वाहतूक संशोधकांनी स्थलांतराच्या संगणकावरच्या प्रतिकृतींमध्ये कुटुंब आणलं: आई-बाप आधी मुलांना आणायला शाळेकडे जातात, मग एकत्र शहराबाहेर पडतात, आणि हे धरलं की रस्ते रिकामे व्हायला लागणारा वेळ बदलतो. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या पदांग शहरासाठी जर्मन संशोधकांनी एकेक माणूस वेगळा धरून चालत्या शहराची प्रतिकृती बनवली. तीत वापरलेली ‘मॅटसिम’ ही प्रणाली खुली आहे, कुणालाही फुकट वापरता येते. नाशिकमधल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी ती चालवू शकतात. अडचण प्रणालीची नाही. तिच्यात घालायची नाशिकची माणसं अजून कुणी विचारून घेतलेली नाहीत.

आणि विचारायला माणसं समोर आहेत. २०१६ आणि २०१९ च्या पुरात कोण कधी निघालं, कशामुळे निघालं, कुणाच्या सांगण्यावरून निघालं, काय उचलून घेतलं, कुठे गेलं, हे पंचवटीत आणि जुन्या नाशकात दारोदार विचारता येईल. आठवणी अजून ताज्या आहेत. २०१५ च्या सिंहस्थात काम केलेले स्वयंसेवक, जीवरक्षक, हरवले-सापडले केंद्रात बसलेली माणसं, आताच्या सिटीलिंक शहर बसचे चालक-वाहक, पंचवटी कारंजावरचे रिक्षावाले. रिक्षावाल्यांना हेही विचारा की पाणी वाढल्याचं कळलं तर ते भाडं मारत राहतील की स्वतःच्या घरी धावतील. त्यांचीही घरं वाघाडीच्या काठाला आहेत. हा प्रश्न त्यांना अवघड वाटणार नाही, उलट कुणी विचारला याचंच बरं वाटेल.

दर वर्षी सरावाची संधीही मिळते. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणारी गर्दी, पौषातली निवृत्तीनाथांची यात्रा, चैत्रात पंचवटीतून निघणारा राम-गरुडाचा रथ, वणीच्या गडावरची चैत्रयात्रा. पावसातली, डोंगरातली, गल्लीतली, पायऱ्यांवरची, सगळ्या प्रकारची गर्दी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे माणसं किती वेगाने चालतात, गट किती मोठे असतात, पोलिसाने वाट बदलली तर किती जण ऐकतात, हे मोजा. २०१५ मध्ये नाशिकच्याच मुलांच्या एका गटाने पायाखाली ठेवायची चटई बनवून गर्दीचा प्रवाह मोजून दाखवला होता, ‘अशिओटो’ नावाने. शाळकरी मुलं हे करू शकली, तर सरकारी यंत्रणेला ते अवघड जायचं कारण नाही.

आता चालकाविना चालणाऱ्या गाड्यांबद्दल. चकचकीत सादरीकरणं घेऊन कंपन्या अशा मोठ्या मेळ्यांच्या दारी येतात, आज ना उद्या तुमच्याकडेही येतील. माझा त्या तंत्रज्ञानाला विरोध नाही. बंदिस्त मार्गावर ते उत्तम चालतं: दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाड्या धावत आहेत. बाह्य वाहनतळापासून शहराच्या वेशीपर्यंत, दोन्ही बाजूंनी अडथळे घातलेल्या वेगळ्या मार्गिकेवर अशी गाडी चालवायचा विचार पुढेमागे करता येईल. एका केंद्रातून सगळ्या गाड्यांची दिशा एकदम फिरवता येणं, गाडीला स्वतःचं कुटुंब शोधायला जावं न लागणं, हे आपत्तीत खरंच उपयोगी आहे.

पण ऑगस्ट २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या दहाएक चालकविरहित टॅक्सी भर रस्त्यात थांबल्या आणि वाहतूक अडली. कंपनीने दिलेलं कारण तुम्ही नीट ध्यानात घ्या: जवळच एक मोठा संगीत महोत्सव चालू होता, त्या गर्दीने मोबाइल नेटवर्कवर ताण आला, आणि गाड्यांशी संपर्क राहिना. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच शहरात वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमो कंपनीच्या चालकविरहित गाड्या चौकाचौकांत अडकल्या. पर्वणीच्या दिवशी गोदाकाठी फोन लागेनासा होणं ही शक्यता नाही, ते होणारच असं धरून चाला. त्यात पाऊस, दोरी लावून ऐन वेळी बंद केलेला रस्ता, हाताने इशारा करणारा होमगार्ड, रस्त्याच्या मधोमध भजन करत बसलेला गट. ज्या क्षणी स्थलांतर करायचं, त्याच क्षणी ही गाडी थांबायची शक्यता सर्वांत जास्त. म्हणून अशा गाड्या येण्या-जाण्याच्या सोयीसाठी आणल्यात तरी पुराच्या आराखड्यात त्यांची क्षमता शून्य धरा.

तसंही एक लाख माणसांना आठ आसनांच्या गाडीतून न्यायला साडेबारा हजार फेऱ्या लागतात, पन्नास जणांच्या बसने दोन हजार. काठावरून पहिल्या तासात माणूस बाहेर पडणार तो पायांनीच. बसचं काम पुढे, वर पोहोचलेल्या माणसांना पांगवण्याचं. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी मात्र गाडी आणि ती चालवणारा भरवशाचा माणूस, दोन्ही आधीपासून नेमून ठेवायला हवं.

स्वयंचलित गाड्या यायच्या आधीच वाट सांगण्याचं काम बऱ्याच अंशी यंत्रांनी घेतलं आहे, ते खिशातल्या फोनमधून. डिसेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वणवे पेटले तेव्हा पोलिसांना लोकांना सांगावं लागलं की रस्ता दाखवणारी ॲप वापरू नका, कारण रिकामा रस्ता म्हणून ती ज्या वस्तीकडे वळवत होती ती वस्तीच आगीच्या तोंडावर होती. नाशकात हीच ॲप तिवंध्याच्या, दिंगर आळीच्या बोळांमध्ये बाहेरगावच्या गाड्या घालू शकतात. पर्वणीच्या दिवशी कुठला रस्ता बंद, कुठला एकेरी, ही माहिती त्या कंपन्यांना मिनिटा-मिनिटाला देणारा एक अधिकारी नेमा. खर्च फारसा नाही.

हे सगळं आपल्या देशात जमत नाही असं कुणी म्हणू नये. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. मे २०१९ मध्ये फनी वादळ आलं तेव्हा त्याच राज्याने बारा लाख लोकांना हलवलं. सव्वीस लाख मोबाइल संदेश गेले, पण त्याबरोबर ४३ हजार स्वयंसेवक गावोगाव फिरले, आणि लोक निघाले ते दारात आलेल्या ओळखीच्या माणसामुळे. निवारे चालत जाण्याच्या अंतरावर होते. मधल्या वीस वर्षांत लोक का निघत नाहीत हे तिथल्या यंत्रणेने समजून घेतलं: गुरं सोडून जायची भीती, घरात चोरी होईल ही भीती, निवाऱ्यात बायकांची होणारी कुचंबणा. आपल्याकडची कारणं वेगळी असतील. पिशवी, दुकान, गाडी, स्नानाचा मुहूर्त. मुहूर्त ही मोठीच गोष्ट आहे. बारा वर्षं वाट पाहून, कर्ज काढून आलेला माणूस डुबकी मारल्याशिवाय परत फिरणार नाही. त्याला ‘इथून निघा’ म्हणण्यापेक्षा ‘तुमचं स्नान अमुक घाटावर होईल, तिकडे चला’ असं म्हटलं तर तो ऐकेल, असं मला वाटतं. साधू-महंतांनी आणि पुरोहित संघाने ते आधीच सांगून ठेवलं तर आणखी ऐकेल. पण हेसुद्धा विचारूनच ठरवा, माझ्या वाटण्यावर नको.

अजून एक गोष्ट, कडवट वाटली तरी लिहिते. पाणी सोडण्याचा निर्णय जलसंपदा विभागाचा, रस्ता अडवण्याचा पोलिसांचा, घाट आणि पूल महापालिकेचे, रेल्वे रेल्वेची. स्नान थांबवायचा शब्द कोण उच्चारणार, आणि पाण्याची पातळी नेमकी किती झाल्यावर, हे एका माणसाच्या नावावर लिहिलेलं असलं पाहिजे. होळकर पुलाखालचा विसर्ग किती क्युसेक झाला की काय करायचं, याचा तक्ता काठावरच्या प्रत्येक दुकानात, धर्मशाळेत आणि पुरोहिताच्या घरी लावा. तो तक्ता पाठ असलेले पंचवटीकर हीच तुमची पहिली फळी आहे. पहिल्या पर्वणीला बंदोबस्ताच्या नावाखाली त्यांनाच घरात कोंडू नका. बाहेरगावच्या भाविकाला वरची वाट दाखवायला कॅमेऱ्यापेक्षा तेच जास्त कामाचे आहेत.

प्रतिकृती कुणा सल्लागार कंपनीकडून बनवून घेतलीत तर तिच्यातली गृहीतं मराठीत छापून लोकांसमोर ठेवा. भाविक सेकंदाला किती मीटर चालतो असं धरलं, इशाऱ्यानंतर किती मिनिटांनी निघतो असं धरलं, किती टक्के लोक उलट दिशेने येतील असं धरलं, एवढं जरी दोन पानांत दिलंत तरी पुरे. आकडे चुकले असतील तर नाशिककर तुम्हाला सांगतील.

पंचवटीतल्या एखाद्या शाळेत संध्याकाळी सात वाजता, दुकानं बंद व्हायच्या सुमाराला, जाहीर बैठक बोलवा. भिंतीएवढा नकाशा आणा, त्यावर प्रत्येक गल्लीची खरी रुंदी लिहिलेली असू द्या. दुकानदार, रिक्षावाले, पुरोहित, जीवरक्षक, फूलवाल्या बायका, सगळ्यांना बोलवा आणि २०१९ च्या त्या दिवशी कोण कुठे होतं, इथपासून विचारायला सुरुवात करा. सर्वेक्षणाचे प्रश्न बेतायला, आलेली माहिती गणितात बसवायला मी आणि माझे विद्यार्थी कुठलाही मोबदला न घेता यायला तयार आहोत. बैठकीची तारीख कळवावी.

आपली,
एक नाशिककर, वाहतूक नियोजनाची अध्यापिका
पंचवटी, नाशिक